‘भरून टाक ना, दोन हजारच आहेत’

ई-चलानचा मेसेज आला की आजूबाजूचा प्रत्येक जण एकच सल्ला देतो: भरून टाक ना. थोडा अनुभवी असेल तर म्हणतो, आत्ता भरू नकोस, लोकअदालतीची वाट बघ, अर्ध्यात सुटशील. या दोन सल्ल्यांत फरक आहे तो फक्त पैशांचा. गाडी खरंच त्या वेगात होती का, हा प्रश्न दोघांनीही गाळलेला असतो.

तो विचारणारा माणूस आपल्याकडे जरा विचित्र ठरतो. एक तर कंजूष, नाहीतर भांडकुदळ, नाहीतर ‘मोठा कायदा शिकलाय’. गेले काही महिने मी या तिन्ही पदव्या घेऊन धायरीत फिरतोय, कारण बाबांच्या नावावरच्या गाडीला आलेलं दोन हजारांचं चलान मी भरलेलं नाही. ते खोटं आहे, असंही मी कुठे म्हटलेलं नाही. मी पुरावा मागितलाय. ‘मी निर्दोष आहे’ आणि ‘मला दाखवा’ या दोन वाक्यांत अंतर आहे, पण ते समोरच्याला पटवताना माझी रोज दमछाक होते.

हकिगत छोटी आहे. पुण्याबाहेरचा एक महामार्ग, रविवारची दुपार, गाडी मी चालवत होतो. मर्यादा ६०, चलानवर वेग ८४. लिंक उघडली तर फोटोत आमची गाडी आहे, नंबर स्वच्छ वाचता येतो. शेजारच्या लेनमध्ये, जरा पुढे, एक पिकअप आहे. खाली ८४ हा आकडा छापलाय. तो आमचा की पिकअपचा, हे फोटो सांगत नाही. एका मित्राने सरळ विचारलं, ‘पण तू होतास ना चौऱ्याऐंशीला?’ मी म्हटलं, माहीत नाही. तो हसला. मी काही उत्तर टाळत नव्हतो. बारा दिवसांपूर्वीच्या एका दुपारी, एका ठरावीक सेकंदाला गाडीचा काटा कुठे होता, हे तुम्हाला आठवतं का?

आकडा क्षुल्लक आहे असंही मला म्हणायचं नाही. धडकेत बाहेर पडणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे आपण नववीत शिकतो आणि विसरतो. ६० ऐवजी ८४ म्हणजे वेग ४० टक्क्यांनी जास्त, पण ऊर्जा जवळपास दुप्पट. ८४ च्या वेगात एका सेकंदात गाडी २३ मीटरहून जास्त पुढे जाते, ब्रेकवर पाय पडायच्या आधीच. त्यामुळे गाडी खरोखर ८४ ला असेल, तर ते मला कळायलाच हवं. दंड भरून ते कळत नाही.

आता त्या फोटोकडे नीट बघू. फोटोत काय दिसतं? गाडी दिसते, नंबरप्लेट दिसते, रस्ता दिसतो. वेग दिसत नाही. फोटोत वेग दिसूच शकत नाही, कारण फोटो म्हणजे थांबलेला क्षण. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात ज्ञान मिळवण्याचे चार मार्ग, म्हणजे चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं ‘शब्द’ म्हणजे भरवशाच्या माणसाच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान. त्या माणसाला विषयाची माहिती हवी आणि तो खरं बोलणारा हवा, तरच त्याचं सांगणं प्रमाण. चलानमध्ये गाडी आपल्याला प्रत्यक्ष दिसते. ८४ हा आकडा मात्र यंत्राचा ‘शब्द’ आहे. आपण ते दोन्ही एकाच चौकटीत बघतो, म्हणून गाडीच्या फोटोची विश्वासार्हता नकळत आकड्यालाही चिकटते. ‘अरे, फोटो आहे ना!’ या वाक्यात हीच गफलत आहे.

मग या यंत्राला भरवशाचं कुणी ठरवलं? इथे कायदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा शहाणा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वेगाबद्दलच्या दंडाचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनांसाठी तो हजार ते दोन हजारांच्या दरम्यान आहे. याच कलमात एक उपकलम आहे, जे बहुतेक कुणी वाचत नाही. एकाच साक्षीदाराच्या ‘माझ्या मते गाडी वेगात होती’ एवढ्या मतावर कुणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापावर आधारलेलं हवं. म्हणजे रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या डोळ्यांवर कायद्याचा विश्वास नाही, यंत्रावर आहे. आणि यंत्रावर इतका भार टाकायचा म्हणून पुढचे नियम आले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला गेला. कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. कॅमेऱ्याच्या टापूआधी ठळक सूचनाफलक हवा. गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस हवी, आणि तिच्यासोबत स्पष्ट फोटो, उपकरणाचं मोजमाप, दिवस, वेळ, जागा, कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं.

हे सगळं वाचल्यावर मी काय केलं, तर तक्रारीच्या रकान्यात दोनच गोष्टी मागितल्या. या उपकरणाचं त्या तारखेला वैध असलेलं प्रमाणपत्र, आणि फोटोतल्या दोन वाहनांपैकी मोजमाप कुणाचं आहे याचा खुलासा. उत्तर आलं, ‘चलान योग्य आहे.’ तीन शब्द. मी तेच पुन्हा मागितलं. पुन्हा तेच तीन शब्द आले.

(जाता जाता: रस्त्यावरचा वेगाचा कॅमेरा ज्याच्यामुळे जगभर पोहोचला, तो मॉरिस गॅट्सोनिडीस हा डच रॅली ड्रायव्हर. १९५३ ची माँटे कार्लो रॅली त्याने जिंकली होती. वळणावर आपण किती वेगात जातो हे मोजून आणखी वेगात कसं जाता येईल, हे शोधण्यासाठी त्याने ते उपकरण बनवलं होतं. त्याच्याच जातभाईंना पकडायला ते पुढे वापरलं गेलं.)

यंत्रं चुकतात का? क्वचित. पण ती चुकतात हे कळतं कसं, ते जास्त महत्त्वाचं आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एका गाडीला २५ मैलांच्या हद्दीत ३८ मैल वेगाचं तिकीट गेलं. ‘बाल्टिमोर सन’ या वर्तमानपत्राने ते प्रकरण लावून धरलं. तिकिटासोबत आलेल्या फोटोंत आणि छोट्या व्हिडिओत ती गाडी लाल सिग्नलला चक्क उभी होती. प्रत्यक्ष एक सांगत होतं, शब्द दुसरंच. तपास पुढे गेला तेव्हा इतर कॅमेऱ्यांच्याही चुका सापडल्या आणि पुढच्या वर्षी शहराला ती सगळी यंत्रणा बंद करावी लागली. तिथे पुरावा तिकिटाबरोबर घरी आला होता, आणि कुणीतरी तो उघडून पाहिला. चुकीच्या तिकिटाचे पैसे निमूट भरणारेही त्या शहरात असणारच. त्यांच्या भरण्यामुळे ती चूक तेवढे दिवस टिकली.

आता माझ्या बाजूची अवघड जागा. मित्राचा खरा आक्षेप कायद्याचा नव्हताच. तो म्हणाला, ‘तुला माहीत नाही ना? म्हणजे तू वेगात असूही शकतोस. मग पुरावा मागणं म्हणजे पळवाट शोधणंच झालं की.’ यावर मी बरेच दिवस विचार केला. माझी गाडी ८४ ला होती हे मला ठाम माहीत असतं, तर मी प्रमाणपत्र मागितलं असतं का? कायदा मला तो अधिकार देतो. तरी मी मागितलं नसतं. जे मला माहीत आहे ते दुसऱ्याला सिद्ध करता येतंय का, याची गंमत बघत बसणं मला हलकटपणाचं वाटतं. पण तसं करणाऱ्याला मी कायदा मोडणारा म्हणणार नाही, कारण तो अधिकार फक्त निर्दोषांना द्यायचा म्हटलं, तर आधी निर्दोष कोण ते ठरवावं लागेल. आणि ते ठरवायलाच तर पुरावा लागतो.

माझ्यासारख्या ‘माहीत नाही’वाल्याचं मात्र वेगळं आहे. मला माहीत नसताना मी पैसे भरले, तर मी एका गोष्टीला हो म्हणतोय जी खरी आहे की नाही याची मला फिकीर नाही. लोक याला समंजसपणा म्हणतात. मला त्यात नियमाबद्दलचा आदर दिसत नाही. दिसते ती कटकट मिटवण्याची घाई.

आणि दंड असा निमूट भरला जाऊ लागला की त्याचं काय होतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोघांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे. सहा पाळणाघरांनी उशिरासाठी १० शेकेलचा दंड सुरू केला. उशिरा येणारे कमी व्हायला हवे होते. ते वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी पालकांना वाटायचं, बाई आपल्यासाठी थांबल्यात, बरं दिसत नाही. दंड आल्यावर वाटू लागलं, पैसे भरतोय की. नंतर दंड काढून टाकला तरी आकडा खाली आला नाही. ओशाळलेपण एकदा विकलं गेलं की परत मिळत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. अभ्यासक अर्थातच इतकं नाटकी बोलत नाहीत.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक काका आहेत, मोठी गाडी, मोठा व्यवसाय. ते दर महिन्याच्या हिशोबात ‘चलान’ असा रकाना ठेवतात, टोल आणि डिझेलच्या शेजारी. त्यांना एकही चलान लढवावंसं वाटत नाही. का वाटावं? दोन हजार त्यांच्यासाठी वेळेची किंमत आहे, आणि ती स्वस्त आहे. फिनलंडने यावर एक उपाय केलाय. तिथे वेगाचा मोठा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात लागतो. २००१ मध्ये नोकियाचे एक संचालक आन्सी वान्योकी हेलसिंकीत ५० च्या हद्दीत ७५ ने मोटारसायकल चालवताना सापडले आणि त्यांना १,१६,००० युरोंचा दंड झाला. त्यांनी तो लढवला. ८४ की ७५ असा वाद नव्हता, त्यांचं उत्पन्न त्या वर्षी घटलं होतं. न्यायालयाने दंड बराच कमी केला. मला यातली रक्कम तितकी मोलाची वाटत नाही. तो माणूस कितीही श्रीमंत असला तरी त्याला थांबून विचार करावा लागला, ही गोष्ट वाटते.

हे सगळं मी धायरीत बसून लिहितोय, आणि धायरीत बसून लिहिताना एक आवाज ऐकू न आल्यासारखं करता येत नाही. कात्रजचा नवा बोगदा संपला की बाह्यवळण महामार्ग दरी पुलावरून नऱ्ह्याकडे आणि तिथून नवले पुलाकडे उतरत येतो. लांबच लांब उतार. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायची, मग भार सगळा ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने समोरच्या गाड्यांची रांग उडवली. १३ नोव्हेंबर २०२५ ला एका कंटेनरने तेच केलं, आग लागली, आठ जणांचा जीव गेला. त्यानंतर इथली वेगमर्यादा आणखी खाली आणली गेली. आमच्याकडे लागोपाठ दोन-तीन रुग्णवाहिकांचे सायरन वाजले की लोक गॅलरीत येतात आणि कुणी काही न बोलता पुलाच्या दिशेने बघतात. प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी त्या वेळी रस्त्यावर असतं.

शेजारच्या काकू मला म्हणाल्या, ‘तू प्रमाणपत्र मागत बस. इकडे माणसं मरतायत.’ याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. त्या उतारावर कॅमेरे हवेत का? हवेत. अजून हवेत. पण कॅमेऱ्याचं काम एवढंच की ड्रायव्हरच्या मनात ‘इथे वेग मोजला जातो’ ही खात्री बसावी. ‘इथे पैसे काढले जातात’ अशी खात्री बसली की तो कॅमेऱ्याच्या अलीकडे ब्रेक मारतो आणि पलीकडे पुन्हा दामटतो. फोनमधला नकाशा आवाज देऊन सांगतो, पुढे कॅमेरा आहे, आणि शंभर मीटरपुरता सगळा महामार्ग सभ्य होतो. तुम्हीही हे केलं असेल. २०२५ च्या जुलैत राज्यातले मालवाहतूकदार ई-चलानविरोधात संपावर गेले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात ‘वसुली’ हा शब्द सारखा यायचा. त्यातल्या किती जणांची चलानं रास्त होती, हा वेगळा मुद्दा. पण जीव वाचवायला लावलेलं यंत्र ज्यांच्यासाठी लावलं त्यांनाच वसुलीचं वाटत असेल, तर उतारावर त्याचा धाक किती राहील? काकूंना मी हे सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. ‘ज्याचं जातं त्याला जाऊन सांग,’ म्हणाल्या. हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

नऱ्ह्याच्या सर्व्हिस रोडला एका टपरीवर मला एक टेम्पोचालक भेटले, माण तालुक्यातले. माझं चलानपुराण ऐकून म्हणाले, ‘तुमचं बरंय दादा. आमचं चलान मालकाच्या मोबाइलवर येतंय. आमच्याकडं फक्त पगार कापून येतोय.’ फोटो कधी बघितलाय का, विचारलं. नाही म्हणाले. नऊ वर्षं गाडी चालवतायत, किती चलानं कापली गेली त्याचा हिशोब तोंडपाठ, आणि फोटो एकही बघितलेला नाही. गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले की दिसतं, म्हटलं. आरसीचा फोटो त्यांच्या फोनमध्ये होता. आम्ही तिथेच उघडलं. शेवटचं चलान वेगाचं होतं. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, मागच्या हौद्याकडे निरखून बघितलं. ताडपत्री गुंडाळलेली होती.

‘रिकामी घेऊन येत हुतो,’ ते म्हणाले. ‘असंल की मग. रिकामी पळती.’

आणि चहा संपवून गेले. कापलेल्या पगाराबद्दल त्या चलानापुरती त्यांची तक्रार उरली नव्हती. मी मात्र तिथेच बसून राहिलो. भरलेली गाडी असती तर ताडपत्री ताणलेली दिसली असती, आणि मग त्यांनी कदाचित म्हटलं असतं की हे शक्य नाही. हे त्या फोटोतून वाचू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि त्यालाच तो दाखवला गेला नव्हता. समजा दाखवला असता आणि त्यांना तो पटला नसता, तर? एक दिवस खाडा, पुण्यातल्या न्यायालयाची पायरी, मालकाची नाराजी. मला ‘तत्त्वासाठी लढतोय’ असं म्हणणं परवडतं, कारण माझा पगार त्या दिवशी कापला जात नाही.

लोकअदालतीचा मेसेज मलाही आला. मी गेलो नाही. लोकअदालतीबद्दल माझी तक्रार नाही. १९८७ च्या कायद्याने तिला कायदेशीर दर्जा दिला आणि लाखो माणसांची कज्ज्यातून सुटका तिने केली आहे. पण तिथे तडजोड होते. तिच्या निवाड्यावर अपील नाही, कारण तो दोघांच्या संमतीने झालेला असतो. दोन भावांच्या बांधाच्या भांडणात तडजोड शहाणपणाची असते, बांध थोडा इकडे, थोडा तिकडे. पण गाडी ८४ ला होती की नव्हती, यात मधलं काय काढणार? अर्धे पैसे भरून माझी गाडी ७२ ला होती असं ठरतं का?

अडचण एकच उरली होती. गाडी बाबांच्या नावावर, म्हणजे न्यायालयात नाव बाबांचं जाणार, आणि या वयात त्यांना कोर्टाचं नाव काढलेलंही नको. कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं ही माहिती मागितल्यावर देणं मालकाचं कर्तव्य आहे. मी म्हटलं, बाबा, तसं लिहून द्या. त्यांनी दोन दिवस घेतले. मग माझ्या मजकुरातलं ‘कथित’ हे विशेषण खोडलं, ‘सदर दिवशी वाहन माझा मुलगा चालवत होता’ एवढंच ठेवलं, सही केली, तारीख घातली.

‘आता कागद आल्यावर निघाली चौऱ्याऐंशीच,’ पेन परत देताना म्हणाले, ‘तर पूर्ण दोन हजार. तुझे तू भरायचे. सूट नाही.’

मी हो म्हटलं. प्रमाणपत्र अजून आलेलं नाही.